पाण्याचं सुतक

बीड जिल्ह्यात बेटावर वाढलो म्हणालो की लोक हसतात. जिथं टँकर आला की गाव धावतं, तिथं कसलं आलंय बेट? हसू द्या. धरण झालं तेव्हा खालचं गाव बुडालं. जमीनवाले नव्या गावठाणात गेले आणि ज्यांच्याकडं जमीनच नव्हती ते आम्ही भोई वरच्या टेकडीवर राहिलो. पाणी चढलं, टेकडीचं बेट झालं. आमचे मासे धारूरच्या बाजारात आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर जायचे, त्यावर वस्ती जगायची.

आमच्यात एक रीत होती. कुणी बुडालं की प्रेत मिळेपर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही. नाहीच मिळालं, तर त्या घरच्या बाईनं त्या पाण्यातला पहिला मासा सगळ्यांदेखत खायचा, मगच सुतक फिटायचं. ही रीत ज्यानं काढली त्याच्या घरचं कुणी बुडालं नसावं.

माझे वडील, आबा, वावटळीत बुडाले. त्यांचा थर्माकोलचा तराफा काठाला लागला, ते लागले नाहीत. माणसांनी गळ टाकून तळ धुंडाळला. जाळी वाळत पडली, चुली थंडावल्या आणि ऊसतोडीचा मुकादम वस्तीत फिरू लागला. टोळीत गेलेलं घर बेटावर परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मायसमोर कुणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी चुलत आजोबा दारात येऊन बसले. "सूनबाई, दोन घरं उद्या निघालीत. आमी तुला काय म्हनत न्हाई."

माय पाण्याकडं बघत म्हणाली, "टाका जाळी. मानूस गेलं, वस्ती तर ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी जाळ्यात चिलापी आली. मायनं ती तिखटमीठ लावून तव्यावर भाजली. बायका दारात उभ्या होत्या. मला तिचा भयंकर राग आला. "माय, नगं खाऊ. त्यात आबा हायेत."

"गप बस," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला. चावत राहिली, गिळवत नव्हतं. तरी तिनं अख्खा मासा संपवला. बायका आपापल्या घरी गेल्या आणि चुली पेटल्या.

मग तिनं दुसरी चिलापी माझ्या ताटात वाढली. लई भूक लागली होती. मी खाल्ली.