हाफ गार्डमध्ये गेलेला गुडघा

मैंदर्गीच्या तालमीत मी सात वर्षं कुस्ती केली. तिथं पाठ मातीला लागली की खेळ संपला. त्यामुळे नोकरीसाठी सोलापुरात आल्यावर, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या माडीवर जिउ-जित्सूचा, म्हणजे जपानी वळणाच्या कुस्तीचा, वर्ग बघायला गेलो तेव्हा मला हसूच आलं. माणसं आपण होऊन पाठीवर झोपत होती.

पहिल्याच दिवशी तिथं शिकवणाऱ्या सरांनी मला एका किडकिडीत माणसासमोर बसवलं. तो टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचा. घरी तेलुगू, बाहेर मराठी. वय माझ्याएवढंच, पस्तिशीचं. तो खाली झोपला, माझा एक पाय त्यानं आपल्या दोन्ही पायांच्या कात्रीत धरला आणि म्हणाला, "हं, सोडव."

याला हाफ गार्ड म्हणतात. वरच्यानं अडकलेला पाय सोडवून पलीकडं जायचं, खालच्यानं त्याला अडवायचं आणि जमलं तर उलटवायचं. मी वीस किलोनं जड. तरी मिनिटाभरात त्यानं माझ्या काखेतून हात घातला, कुशीवर वळला, आणि मी पाठीवर पडलो होतो.

"पैलवान, लई घाई करता की," तो हसत म्हणाला.

पुढं वर्षभर आम्ही दोघं जोडीदार होतो. जे येत होतं ते त्यानं मला सगळं शिकवलं. डोकं खालच्याच्या हनुवटीखाली कसं रेटायचं, खांद्यानं त्याचं तोंड फिरवून त्याला पाठीवर सपाट कसं करायचं, मग गुडघा तिरका घालून पाय कसा काढायचा. स्वतःला हरवायची रीत तो मला दाखवत होता, आणि तरी मी त्याला हरवू शकत नव्हतो. वर्गात सगळ्यांना ते ठाऊक होतं. सुरुवातीला माझं मलाच हसू यायचं. पुढं ते थांबलं. घरी जेवताना, दुकानात उभा असताना, त्याचा तो शांत चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि दात आवळले जायचे.

मार्चमधला रविवार होता, सकाळचे नऊ. पत्र्याखाली आत्तापासूनच भट्टीसारखं तापलं होतं. तीन आठवड्यांनी पुण्यात स्पर्धा होती. मैंदर्गीचे माझे दोन जुने तालीमभाऊ त्या दिवशी बघायला आले होते. आम्ही दोघं भिडलो. पहिल्या दोन मिनिटांत त्यानं मला दोनदा उलटवलं. कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "काय रं, खालच्या माणसाकडनं पडतुयास व्हय?"

तिसऱ्यांदा त्यानं पाय धरला तेव्हा त्याच्या उजव्या पायाचा तळवा दोन गाद्यांच्या फटीत रुतला होता. मला ते दिसलं. मी त्याच्या गुडघ्यावर सगळा भार आडवा टाकला.

"थांब," तो म्हणाला. मोठ्यानं नाही, पण स्पष्ट.

मी थांबलो नाही. आणखी रेटलं. मग बोटं मोडताना येतो तसा, पण त्याहून मोठा आवाज आला, आणि माझा पाय मोकळा झाला.

तो ओरडला नाही. तोंड उघडं ठेवून छताकडं बघत राहिला. सर धावत आले. "काय झालं?"

"पाय फटीत अडकला, सर," तोच म्हणाला. "माझीच चूक."

मी त्याला उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली दोन लिगामेंट तुटलीत, ऑपरेशन करावं लागेल. त्याची बायको आली तेव्हा मी बाकावर बसलो होतो. ती रडत म्हणाली, "तुम्ही होता म्हणून बरं झालं, अण्णा. नाहीतर ह्यांना कोण आणलं असतं?"

तीन आठवड्यांनी मी पुण्याला गेलो. तिसरा आलो. दोन्ही जिंकलेल्या लढतींत मी हाफ गार्डच फोडला, त्यानं शिकवला तसाच.

ऑपरेशननंतर गुडघा पुरता वाकेना. मागावर दहा तास उभं राहून इकडून तिकडं फिरावं लागतं. ते आता जमण्यातलं नव्हतं. मालकानं त्याला टॉवेलच्या घड्या घालायला बसवलं. दर रविवारी मी त्याच्या घरी जायचो. बायको चहा द्यायची, मला आधी, मग त्याला. तो भिंतीला टेकून पाय सरळ ठेवून बसलेला असायचा. स्पर्धेचं त्यानं कधी विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता एका रविवारी त्याची बायको भाजी आणायला गेली होती. मी म्हणालो, "त्या दिवशी तू थांब म्हणालास ते मी ऐकलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"मी खाली होतो. तुझं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. तुझे डोळे मला दिसत होते." मग तो म्हणाला, "सात महिने झाले. मला वाटायचं, पुढच्या रविवारी तरी सांगशील."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला. "बायकोला मी काही सांगणार नाही. तिला तू चांगला माणूस वाटतोस, वाटू दे. पण आता येऊ नकोस."

मी उठलो. त्याला दारापर्यंत यायची सवय होती, त्या दिवशी तो उठला नाही.

त्यानंतर त्याच्या बायकोचा दोनदा फोन आला. "अण्णा, आला नाहीत? ह्यांना करमत नाही, घरात कुणाशी बोलत नाहीत." दोन्ही वेळा मी सांगितलं, कामाचा लोड आहे. तिसऱ्यांदा तिनं केला नाही.