मारोतीकाका आणि सालींच्या बाटल्या

आमच्या नांदेडच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. बाटल्या निदान धुता तरी येतात. मी तिथला लॅब असिस्टंट, त्यामुळे बऱ्याच किश्शांत माझाही हात आहे.

शीतल मॅडमची पीएचडी चालली होती. अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा ही सगळी एकाच कुळातली झाडं. कुणाच्या पानात, सालीत, फळात कोणती रसायनं किती, हे त्यांना ताडून बघायचं होतं. साली आणून द्यायचे किनवटचे मारोतीकाका. मॅडम एकदा म्हणाल्या, "काका, साल जरा जास्त काढा की."

"एका बाजूनंच काढतो, ताई. गोल सोललं की झाड मरतंय. तुमची डिग्री होईल, त्याचं काय?"

मॅडम तेवढ्यात भागवायला शिकल्या.

*

आमचे हेडक्लार्क बीपीवाले. गच्चीवर वाळत घातलेली अर्जुनाची साल ते रोज चिमूटभर उकळून प्यायचे. मॅडमनी वहीत लिहिलं, 'वाळताना वजनात अनपेक्षित घट.'

पकडले गेले तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुमचं संशोधन लई गुणकारी हाय."

मॅडमनी त्यांनाच राखणीला बसवलं.

*

आता माझा पराक्रम. डिंक संपला म्हणून मी हीटरवर मैद्याची खळ शिजवली आणि सालींच्या भुकटीच्या सगळ्या बाटल्यांना लेबलं चिकटवली. सुट्टीनंतर येऊन बघतो, तर उंदरांनी खळीसकट लेबलं फस्त केलेली. भुकट्या सगळ्या तपकिरी. थिसिस द्यायला महिना उरलेला. मॅडम स्टुलावर बसून रडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांना फोन केला. पुन्हा झाडं सोलायला ते तयार नव्हते, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच आले. एकेक बाटली उघडून चिमूट जिभेवर ठेवू लागले.

"हा ऐन. ह्यो हिरडा. थांबा, चूळ भरू द्या. हाव, हा अर्जुन."

मी लिहीत गेलो. सगळ्या तपासायला वेळ नव्हता, म्हणून मॅडमनी प्रत्येक झाडाची एकेक बाटली तपासून बघितली. चारही बरोबर निघाल्या. काकांना मात्र दोन दिवस जेवणाची चव लागली नाही.

*

व्हायव्हाला परीक्षक आले लातूरहून. मॅडमनी काकांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं.

परीक्षकांनी थिसिसचं एक पान उघडलं. "लेबलं गेल्यावर नमुने पुन्हा ओळखले, असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. त्यासाठी इन्स्ट्रुमेंट कोणतं वापरलं?"

मॅडमनी काकांकडे बघितलं.

काका उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि परीक्षकांना जीभ काढून दाखवली.