हळदीचा कूलर

अख्ख्या अकोल्यात स्वतःच्या नवऱ्याला घामात सोडून हळदीला कूलर लावणारी बाई एकच, आणि ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. आम्ही त्यांना वरच्या काकू म्हणतो. काकू मालवणकडच्या. काकांच्या नोकरीमागं इकडं आल्या तेव्हा मी शाळेत होते, आता कॉलेज संपवून शिकवण्या घेते. पण काकूंचं बोलणं ऐकाल तर वाटेल, बाई आज सकाळीच एसटीतून उतरली. मोर्णेच्या पुलावरून जाताना रिक्षावाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतात, "ह्येका नदी म्हणतंत? आमच्या परसातलो व्हाळ ह्येच्यापेक्षा मोठो!" त्यांच्या झुणक्यात खोबरं, वांग्यात खोबरं. एकदा तर आमच्या ठेच्याच्या दिशेनं खोबऱ्याची वाटी घेऊन निघाल्या होत्या. आईनं हातच धरला. "बाई, याले तरी सोडा!"

मला नकला करायची खोड आहे. गल्लीतल्या सगळ्यांच्या करते, पण काकूंच्या नकलेला सगळ्यात जास्त मागणी. त्यातही पातोळ्यांची गोष्ट म्हणजे एकदम हिट. काकू डोळे मिटून ती सांगतात: "माझी आई हळदीच्या पानार तांदळाचा पीठ थापी, त्येच्यात गूळ-खोबरा भरी, पान दुमडी नि वाफेर ठेवी. वास असो येय की वाडीतली माणसा वाट चुकत!" मी हे इतक्या वेळा करून दाखवलंय की गल्लीतल्या पोरींना पाठ झालंय. काकू स्वतः फर्माईश करतात आणि वर चुका काढतात. "नाक वर धर गो. मी नाक वर करून बोलतंय."

तर त्या पातोळ्यांसाठी पान पाहिजे. आमच्या बाजारात हळकुंड मिळतं, हळदपूड मिळते, पान काही मिळत नाही. म्हणून काकूंनी गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडल्या. आईचं माहेर दर्यापूरचं, तिथून पोतंभर काळी माती आणली. शेतात काकूंच्या चपलेला दोन्हीकडून किलो-किलो माती चिकटली तेव्हा खूश होऊन म्हणाल्या, "ही पाव्हण्याक सोडणा नाय गो!" घरी येऊन मात्र बादलीला खालून भोक पाडायचं विसरल्या आणि कोकणातल्या लाल मातीला घालतात तसं घागरीनं पाणी घातलं. काळ्या मातीनं ते सगळं धरून ठेवलं, बियाणं कुजलं. त्या चिखलातून हळद आली नाही, पण भुलाबाई आली. पोरींनी त्याचीच मूर्ती केली. पुढच्या वर्षी भोकं पाडली, तर कोंब उन्हानं करपले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

भुलाबाई म्हणजे आमच्याकडे पार्वती माहेरी येते, महिनाभर पोरी तिची गाणी म्हणतात. कोजागिरीला घरोघरचे बंद डबे येतात. डबा वाजवायचा, हुंगायचा आणि आतला खाऊ ओळखायचा. इथं काकूंना तोड नाही. धोंडस, सांदण, घावनं, असलं काही आणतात की ओळखणार कोण? पोरी "हरलो, हरलो" म्हणतात, काकू डबा उघडून देतात आणि हसत वर जातात. एकदा आई त्या जिन्याकडे पाहत म्हणाली, "तिले जिंकाचं नसते वं. कोनं तरी ओळखावं असं वाट्टे तिले." मी म्हटलं, "आई, तू लय विचार करून राहिली."

यंदा काका रिटायर झाले. गावी घर कुलपात. काकूंनी जाहीर करून टाकलं, "औंदा हळद रुजली तर बघू. नायतर चललंव आम्ही कायमचे." झालं! भर मे महिन्यात हॉलमधला कूलर फिरून गॅलरीकडे तोंड करून बसला. काका हवेच्या आशेनं बनियनवर, स्टूल टाकून, बादल्यांच्या रांगेत बसलेले. खालून आईनं विचारलं, "भाऊ, तुमी काहून बाहेर बसले?" काका म्हणाले, "मी पण रुजतोय का बघतोय." गल्लीत जो येईल तो आधी मान वर करून बादल्या बघे. पावसात पानाची एक सुरळी वर आली, मग दुसरी, आणि गणपतीपर्यंत गॅलरीचा कठडा दिसेना.

कोजागिरीला काकू डबा घेऊन आल्या, ठेवणीतली साडी नेसून. "वाजवा!" डबा वाजेचना. पोरींनी तो नाकाशी नेला, एकमेकींकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी एकदम नाकं वर केली. "हळदीच्या पानातले पातोळे गो बाय!" हुबेहूब काकू, चौदा गळ्यांतून. काकूंचा आ तसाच. "चिटिंग! कोणी सांगल्यान तुमका?" सगळ्यांची बोटं माझ्याकडे. काकू जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या, हसायला लागल्या, मग पदर डोळ्याला गेला. "हरलंय गो," म्हणाल्या, "पहिल्यांदा हरलंय." त्या दिवशी एकट्या वर गेल्या नाहीत. रिकामा डबा मांडीवर घेऊन पोरींत बसून राहिल्या.

दिवाळीला दोघं किल्ली आमच्याकडे ठेवून गावी गेले. बॅगा मात्र इतक्या की रिक्षा दोन लागल्या. परत येणार का, हे विचारायची हिंमत गल्लीत कोणाला झाली नाही. वरचा मजला गप्प. मी नक्कल करून पाहिली, पण नाक सुधारायला कोणी नाही, म्हणून अर्ध्यात सोडली.

भाऊबीजेच्या सकाळी फोन आला. पलीकडे माहेरची बायामाणसं मोठ्यानं हसत होती, आणि त्यांच्यावर आवाज चढवून काकू ओरडत होत्या, "काय करून राहिली वं? माह्या बादल्यांले पाणी टाकलं का नाही? सोमवारी येऊन राहिलो आमी!"

मग मी नाक वर केलं.

"घातलंय गो काकू," म्हटलं. "रोज घालतंय."