घाटकोपरचं बिनबिंदूचं वर्तुळ

कराडची एस.टी. बोरिवलीला पोचली, तेव्हा माझ्या पिशवीत आमच्या मंडळाची पत्रकं होती: 'ज्ञान मातृभाषेत, सर्वांना!' मुंबईच्या उपनगरात उच्च गणितावर मराठीतून व्याख्यान होणार होतं आणि ते ऐकायला मी निघाले होते. स्टँडवर वैशाली उभी होती. वसतिगृहातली माझी मैत्रीण, आता बीजगणितात संशोधन करते. व्याख्यान तिचंच होतं.

"पत्रकं नंतर वाट. आधी आमच्या मार्गदर्शक सरांची अट ऐक. गणिताबाहेरच्या एकाला तरी विषय पोचला पाहिजे, नाहीतर पुढची व्याख्यानं इंग्रजीत. आणि बाहेरची तू एकटीच आहेस."

माझं डोकं तापलं. इंग्रजी व्याख्यानाला कुणी अशी अट घालतं का?

अंधेरीला एका मालवणी खानावळीत घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) खाल्ले, वर्गातल्या फळ्याला जोड म्हणून ओळखीच्या शाळेतून गुंडाळून नेता येणारा फळा घेतला आणि घाटकोपरची बस पकडली.

"ताई, तंबू कुठे ठोकताय?" कंडक्टरने विचारलं.

"घाटकोपरला."

"मग उभा धरा. आडवा धरलात तर त्याचंपण तिकीट फाडीन."

बाहेर साकीनाक्याचे कारखाने, पुढे असल्फ्याच्या टेकडीवर चढत गेलेल्या झोपड्या. सीटवर माझं बूड टिकेना. मला कळलंच नाही तर?

व्याख्यान शाळेच्या एका वर्गात होतं. या गणितवाल्यांची एक रीत आहे: ज्याला अडेल त्याने उठून खडू हातात घ्यायचा.

वैशालीने सुरुवात केली. ज्या संख्यांमध्ये बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करूनही बाहेर पडावं लागत नाही, तो समूह म्हणजे क्षेत्र. मग तिने एक वर्तुळ काढलं: क्ष² + य² = ३. "परिमेय संख्यांच्या, म्हणजे अंश आणि छेद पूर्णांक असलेल्या संख्यांच्या क्षेत्रात या वर्तुळावर एकही बिंदू नाही."

मी ताडकन उठले. "समोर अख्खं वर्तुळ दिसतंय की!"

"घे खडू. दाखव एक."

मी लिहिलं: क्ष म्हणजे तीनचं वर्गमूळ, य म्हणजे शून्य.

"तीनचं वर्गमूळ अपूर्णांकात लिहून दाखव ना."

जमेना. सगळे हसले. मग तिने तेच वर्गमूळ क्षेत्रात घेतलं. क्षेत्र मोठं झालं आणि बिंदू सापडला. अशा प्रत्येक वक्राला क्षेत्रातल्या दोन संख्यांचं एक चिन्ह जोडता येतं. या चिन्हांचं गणित म्हणजे के-सिद्धांत. कुठल्याही चिन्हाची दुप्पट शून्यच धरली, की चिन्ह शून्य होणं आणि वक्रावर बिंदू असणं एकच. भूमितीचा प्रश्न, उत्तर बीजगणितात!

शेवटी सर माझ्याकडे वळले. "कळलं?"

वैशाली डोळे वटारून बघत होती. 'हो' म्हटलं असतं तर तिथेच जिंकलो असतो.

"अर्धं. बिंदू असला की चिन्ह शून्य होतं, हे मानते. पण चिन्ह शून्य झालं म्हणून बिंदू असलाच पाहिजे, हे कुठून आलं?"

"वाट लावलीस गं," वैशाली पुटपुटली.

सर फळ्याकडे वळले. "अवघड बाजू तीच आहे. इंग्रजीत ऐकणाऱ्यांनी हे कधी विचारलं नाही." मग वैशालीला म्हणाले, "पुढच्या वेळी एवढंच सांगायचं. मराठीत."

बाहेर आल्यावर वैशाली म्हणाली, "आता ती बाजू मला मराठीत सिद्ध करायला लागणार. झोप उडवलीस." पण चालता चालता ती हवेत बोटाने काहीतरी लिहीत होती.

परतीच्या गाडीत मी अस्वस्थच होते. कराडला मंडळातले विचारणार, जिंकलो का? मी सांगणार, अर्धं कळलं. ज्याला हे उत्तर कमी वाटेल त्याने समोर बसावं. मी वर्तुळ काढून दाखवते, आणि मला जिथे अडलं तिथेच थांबते.