नागवेकरकाका आणि बर्फ कारखान्याचं शटर

श्री. गजानन नागवेकर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा उजवा पाय सुजलेला होता. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दापोलीचं शेतकी कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडून मी रत्नागिरीत मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला लागलो होतो. का सोडलं, ते पुढे येईलच. दुकानाचं शटर रोज सकाळी अर्ध्यावर अडकायचं. मी त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत आठवडाभर गाडीचं जुनं काळं ऑईल ओतलं, आणि तरीही ते अडकलं तेव्हा त्याला लाथ मारली. मामाने नागवेकरकाकांना बोलावलं. काका आले, शटरकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "लागला काय रे?"

मी म्हणालो, "शटरला काही झालं नाही."

"शटरचं कोण विचारतंय मेल्या, पायाचं विचारतोय."

मग त्यांनी खाचेत एक जुनी सुरी घातली आणि लालसर काळा गोळा बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. आपल्याकडची जांभ्याची धूळ आणि माझं ऑईल यांची ती चटणी होती. "हे तू रांधलंस," ते म्हणाले. रॉकेलच्या फडक्याने त्यांनी दोन्ही खाचा पुसून काढल्या आणि आतून साधी मेणबत्ती घासली. मामाने एका हाताने शटर वर सारलं. मला एवढा राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पुढच्या सोमवारी मी त्यांच्या दारात उभा होतो, काम शिकवा म्हणून.

रत्नागिरीच्या बाजारपेठेतली, बंदरावरच्या गोदामांची, गॅरेजांची शटरं गेली चाळीस वर्षं काका दुरुस्त करत आहेत. काकांच्या सत्काराच्या या अंकात इतर मान्यवर त्यांच्या कार्याविषयी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी फक्त ते दोष कसा ओळखतात तेवढं सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलं आहे.

कुठेही गेलं की काका आधी पेटी उघडत नाहीत. मालकाला सांगतात, "रोज उघडता तसं उघडा." आणि मग शटरकडे नव्हे, मालकाकडे बघत राहतात. मला पहिल्यांदा वाटलं, काकांना कामाचा कंटाळा आलाय. नंतर कळलं. बहुतेक लोक शटर मधोमध धरत नाहीत. कुलूप ज्या बाजूला त्या बाजूने उचलतात. वर्षानुवर्षं एकाच बाजूने ओढ बसली की पट्ट्या हळूहळू तिकडे सरकतात, कडा खाचेला घासायला लागते, आणि मालक म्हणतो स्प्रिंग गेली. काका म्हणतात, "स्प्रिंग नाय गेली, तुमची सवय आली." नवी स्प्रिंग खपवणं त्यांना सोपं होतं. त्याऐवजी ते पट्ट्या सरळ करून देतात, मधोमध एक मूठ बसवतात आणि मालकाला लहान मुलासारखं दोनदा उचलायला लावतात.

एका कापड दुकानदाराच्या शटरची डावी खाच दर सात-आठ वर्षांनी खालून सडायची. दोनदा बदलून झाली होती. दुकानदार खाऱ्या वाऱ्याला शिव्या देत होते. काका म्हणाले, "वारा काय फक्त डावीकडनं येतो?" मग ते मंगळवारी सकाळी मुद्दाम जाऊन समोरच्या टपरीवर बसले. दुकानदारांनी उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यावर नारळ फोडला आणि सगळं पाणी खाचेच्या तळाशी गेलं. दर मंगळवारी, वीस वर्षं. मी तिथल्या तिथे ते सांगून टाकणार होतो, पण काकांनी माझा दंड धरला. दुपारी त्यांनी जांभ्याचा एक चांगला घडीव तुकडा आणून उंबऱ्यापासून दोन हातांवर बसवला आणि दुकानदारांना म्हणाले, "शेठ, नारळ ह्याच्यावर फोडा. देव दोन हात सरकायला नाय म्हणत नाही." माणसाची श्रद्धा न दुखवता त्याची चूक कशी दाखवावी, हे मी तिथे शिकलो. शिकलो म्हणजे पाहिलं. जमत अजून नाही.

काकांची एक शिस्त सगळ्या बाजाराला माहीत आहे. दुरुस्ती झाली की ज्याने शेवटचा बोल्ट आवळला त्याने उंबऱ्यावर, शटरच्या बरोब्बर खाली उभं राहायचं. दुसऱ्याने शटर त्याच्या डोक्यापर्यंत खाली आणायचं आणि वर न्यायचं. तीन वेळा. याला आम्ही नुसतं 'उभं राहणं' म्हणतो. मी एकदा विचारलं, पडलं तर? काका म्हणाले, "दुसऱ्याच्या डोक्यावर टांगायच्या आधी आपल्या डोक्यावर टांगून बघायचा. खाली उभं राहायचं म्हटलं की माणूस आपोआप एकेक बोल्ट परत बघतो." म्हणजे परीक्षा शटरची नसते.

आता वैयक्तिक आठवण. दापोलीला माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव इथे लिहिणं बरं नाही. तिच्याबद्दल कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून मी हॉस्टेलवर मारामारी केली, आणि प्राचार्यांनी माफी मागायला सांगितली तेव्हा माफी न मागता कॉलेज सोडून आलो. मला वाटलं होतं तिला अभिमान वाटेल. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. मी दर रविवारी एसटीने दापोलीला जायचो, तिच्या हॉस्टेलच्या रस्त्यावर उभा राहायचो आणि परत यायचो. काकांना हे कुणी सांगितलं मला माहीत नाही. एकदा हर्णैला मासळीच्या गोदामाचं काम होतं. परतताना काकांनी दापोलीत गाडी थांबवली. "मला चहा प्यायचाय. तास लागेल." काका चहा पीत नाहीत. मी धावत गेलो. ती भेटली, आणि दहा मिनिटांत एवढंच म्हणाली की तू एकही गोष्ट पुरी करत नाहीस. परत आलो तर काका गाडीत डोळे मिटून बसले होते. रत्नागिरीपर्यंत त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. एवढ्या लांबच्या रस्त्यावर गप्प बसणं हीसुद्धा माया असते.

इथपर्यंत लिहून मी थांबणार होतो. संपादकांनी सांगितलं होतं तसा लेख इथे पुरा होतो. पण या अंकाच्या तयारीच्या बैठकीत एक गृहस्थ आपुलकीने म्हणाले, "नागवेकरांचा सत्कार वेळेवर होतोय. हात थरथरायला लागलाय त्यांचा. ते बर्फ कारखान्याचं झालं ना." सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा तिथे होतो. मी मान हलवली नाही, पण बोललोही नाही.

जे झालं ते असं. गेल्या वर्षी मासेमारी पुन्हा सुरू व्हायच्या आठवड्यात बंदरावरच्या एका बर्फ कारखान्याच्या मोठ्या शटरचं काम आमच्याकडे आलं. साखळीने ओढायचं, टेम्पो आत जाईल एवढं शटर. काका खाली पट्ट्या बदलत होते आणि मी घडीच्या शिडीवर, म्हणजे घोडीवर, चढून वरचं काम करत होतो. साखळीचं चाक वरच्या पाईपला पक्कं धरून ठेवणारा एक लॉक-बोल्ट असतो. तो हातात असताना माझा फोन वाजला. दापोलीच्या एका मित्राचा मेसेज होता, तिला बघायला पाहुणे येणार आहेत. मी बोल्ट खिशात टाकला आणि खाली उतरून बाहेर गेलो. फोन लावले, कुणी उचलले नाहीत. परत आलो तेव्हा काका एका बाजूला पुढच्या कामाच्या फोनवर होते; साखळी ओढायला कारखान्याचा माणूस होताच. फोन ठेवून काकांनी विचारलं, "उभा राहिलास?"

मी म्हणालो, "हो."

नुसत्या घट्ट बसवणीवर ते चाक तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी दुपारी शटर वरून खाली आलं. एका टेम्पोची पुढची काच आणि बर्फाची एक लादी गेली. माणूस कुणी खाली सापडलं नाही. पण डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन कोळणी नुकत्याच उंबरा ओलांडून बाहेर पडल्या होत्या. त्यातली एक आम्ही पोचलो तेव्हा तिथेच पायरीवर बसलेली होती आणि कुणी कितीही सांगितलं तरी उठत नव्हती.

काका घोडीवर चढले. मी खालून बघत होतो. त्यांनी चाकाच्या बोल्टच्या भोकात बोट घालून पाहिलं. तुटलेला बोल्ट भोकात आपला तुकडा सोडतो, निघालेला बोल्ट ओरखडे सोडतो. भोक स्वच्छ होतं. त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि ते वरून माझ्याकडे बघतायत हे मलाही कळलं. मालक ओरडत होते, "कोणी केलं हे? कोण होता वर?" काका सावकाश खाली उतरले. फडक्याला हात पुसले. म्हणाले, "बोल्ट राहिला. माझ्या हातनं राहिला."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तू गाडीतनं पेटी आण."

रस्त्यात मी गाडी थांबवायला लावली. खिशातून तो बोल्ट काढून दाखवला, परत जाऊन सांगतो म्हणालो. काका म्हणाले, "गप बस. तुझं नाव अजून बाजारात लागलेलं नाय. लागायच्या आधी गेलं तर परत येत नाय. माझं चाळीस वर्षांचं हाय. थोडं झिजलं तरी चालेल." मग गाडी सुरू करताना म्हणाले, "बोल्ट विसरणं मी समजू शकतो. 'हो' का म्हणालास?" मी बोल्ट परत खिशात टाकला. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पण ते थोडं झिजलं नाही. त्या कारखान्याचं काम गेलं, पाठोपाठ बंदरावरची इतर गोदामं गेली. साठी आली, नजर गेली, हात थरथरतो, असं लोक प्रेमाने बोलू लागले, आणि प्रेमाने बोललेलं खोडता येत नाही. काकींनी त्यांना रत्नागिरीतल्या दोन डॉक्टरांकडे नेलं. दोघांनी सांगितलं, डोळे उत्तम, हात उत्तम. काकींना त्याने धीर आला नाही, उलट त्या जास्त घाबरल्या. एक दिवस मला घावणे वाढताना म्हणाल्या, "सगळं बरं हाय म्हणतात. मग तो बोल्ट राहिला कसा रे? तू होतास ना तिथे?" मी म्हणालो, होतो. आणि घावणे खाल्ले. तेव्हापासून त्या काकांना घोडीवर चढू देत नाहीत. चाळीस वर्षं वर चढलेला माणूस आता खाली उभा राहून दुसऱ्यांना सांगतो, डावीकडे बघ, उजवीकडे बघ. काका तक्रार करत नाहीत. पण काम संपल्यावर ते घोडी घडी करतात तेव्हा जरा जास्तच वेळ लावतात.

तेव्हा काकींना, बंदरावरच्या सगळ्या मालकांना आणि त्या बैठकीतल्या गृहस्थांना मी इथे लिहून देतो. नागवेकरकाकांच्या हातून काहीही राहिलेलं नाही. बोल्ट माझ्या खिशात होता आणि उभं राहण्याबद्दल मी खोटं बोललो. काकांचे हात थरथरत नाहीत. मी गेल्या आठवड्यात त्यांना सुईत दोरा ओवताना पाहिलं आहे, पहिल्या फटक्यात. या वर्षी मी स्वतंत्र कामं घ्यायला लागलो आहे. हे वाचून ज्यांना मला बोलवायचं नसेल त्यांनी बोलवू नये, मी त्यांच्या दुकानासमोर भांडायला येणार नाही. हे वाक्य मी विचार करून लिहिलं आहे. मला ओळखणाऱ्यांना त्याची किंमत कळेल. दापोलीच्या त्या मुलीचं लग्न ठरलं नाही, ती पुढे शिकते आहे आणि माझ्या मेसेजला अजून उत्तर देत नाही. तो वेगळा विषय आहे. पण निदान एक गोष्ट मी आज पुरी केली.

काका स्वतः छापलेलं फारसं वाचत नाहीत. हा अंक काकी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. या पानावर आल्यावर त्या थांबतील आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघतील. काकांना माझा भयंकर राग येईल, कारण मी त्यांचा शब्द मोडला. नागवेकरकाकांना उदंड आयुष्य लाभो, हात आणि नजर आज आहेत तशीच राहोत, आणि माझ्यावर रागवायला त्यांना पुढची चाळीस वर्षं मिळोत. उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे. काकींनी परवानगी दिली तर घोडी धरायला, नाही दिली तर बोलणी खायला.