चिंचेतला खिळा

तेलाचे डबे घेऊन वसमतहून परतलो, तर मालक फाटकातच उभे. “दगडूबा गेला,” एवढंच म्हणाले. त्याला आता पाच आठवडे झाले...

हिंगोलीच्या वखारीत आम्ही दोघं बारा वर्षं होतो. मी इंजिन सांभाळायचो. दगडूबा मिस्त्रीकडे करवत होती, दोन मोठ्या चाकांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. त्याचा आवाज ऐकूनच तो दुखणं सांगायचा. दर फेऱ्याला ‘टक्’ वाजलं तर सांधा तपास, जळका वास आला तर दात बोथट, पट्टा चाकावरून घसरला तर चाकाला चिकटलेला भुसा खरवड. मी चेष्टेनं त्याला पट्ट्याचा वैद्य म्हणायचो. तो हसायचा, पण बोट मात्र पट्ट्यावरून फिरतच असायचं, कुठे बारीक चीर गेली आहे का ते बघत.

लढाईच्या दिवसांत नवा पट्टा मिळेना. होता तोच जपायचा. अशात वावटळीत पडलेली कुरुंदा गावची एक चिंच वखारीत आली. ओंडका लावला, तर पट्टा निम्म्यावरून डावीकडे पळाला. दगडूबानं दातांना दोन्ही बाजूंनी कानस मारली, ताण वाढवला, ओंडका सावकाश ढकलायला लावला. तरी पट्टा त्याच जागी वळला. ओंडका उलटा करून लावला. तरीही तेच! पुढे काहीतरी आहे हे जणू पट्ट्याला ठाऊक होतं.

“काहून थांबलास?” मी विचारलं.

दगडूबानं इंजिन बंद करायला लावलं आणि सुतारी वाकसानं त्या जागेचं लाकूड फोडलं. आत वीतभर लांब, चौकोनी डोक्याचा खिळा होता.

“शंकऱ्या, ह्यो मपला हाय,” तो म्हणाला. “गोदीसाठी म्याच ठोकला व्हता.”

गोदी त्याची एकुलती एक लेक. लहानपणी तिला फेफरं यायचं. देवरुष्यानं ते दुखणं बापाच्या हातून त्या चिंचेत खिळवलं होतं. खिळा हलला की दुखणं मोकळं. तेव्हापासून पोरगी ठणठणीत होती आणि जवळा बाजार गावात नांदत होती.

“फेकून दे,” मी म्हणालो.

“लेकराला तकलीफ व्हईल.” त्यानं खिळा उपसला, मुठीत गच्च धरला आणि वखारीमागच्या आपल्या खोलीत गेला. चार ठोके ऐकू आले. परत आला तो घामानं भिजलेला. “आता माझ्यापाशीच ऱ्हाईल,” म्हणाला.

महिन्याभरात त्याचे हात थरथरायला लागले. पुढे तो कामातच कोसळायचा, तोंडाला फेस यायचा. शेवटही तसाच झाला. मी देवरुषी मानत नाही. वय झालं होतं, असंच सगळ्यांना सांगतो.

परवा गोदी आली, पोटुशी होती. बापाची एवढीच आठवण म्हणून त्याची बाज मागायला लागली. “बाजेच्या पायाला खिळा वर आलाय तेवढा उपसून देता का, काका? पदर अडकून राहिला.” तिनं बोटांनी तो धरलाही होता.

मी तिचा हात झटकला. बाज मिळणार नाही म्हणालो.

“काहून न्हाई? माझ्या बाची हाय ती!”

“वखारीची आहे,” मी खोटंच सांगितलं. रडत, मला तळतळाट देत ती गाडीत बसली.

बाज मी माझ्या घरी आणून ठेवली आहे. तिच्यावर कुणाला बसू देत नाही. कालपासून माझा उजवा हात जरा थरथरतो आहे. गोदी मात्र बरी आहे, आज गाडीवानाकडून विचारून घेतलं.