दोन घासांचा पाव

"तिसरा घास लागला तर ते जेवन झालं," असं म्हणत मामा अंगठा आणि मधलं बोट जुळवून एक गोल करायचे आणि तो बेकरीवाल्याच्या नाकासमोर धरायचे. पाव त्या गोलातून गेला पाहिजे. अडकला तर अख्खी पाटी परत. बेकरीवाला कुरकुरायचा, पण पुढच्या खेपेला मापात आणायचा.

बाहत्तर-त्र्याहत्तर सालची ही गोष्ट. नगरच्या कॅम्प भागातल्या एका परमिट रूममध्ये मी काउंटरवर बसत होतो आणि सगळे ज्यांना मामा म्हणत ते आमचे आचारी आत स्वयंपाकघर सांभाळत. मूळचे नेवाशाकडचे, ख्रिस्ती घरातले. उमेदीची वर्षं लष्कराच्या मेसमध्ये गेलेली. तिथले साहेब लोक ज्याला बर्गर म्हणत, तोच मामांनी लहान करून आमच्याकडे आणला होता. इवलासा पाव, आत रव्यात घोळवून तळलेली खिम्याची टिक्की, कांद्याची चकती आणि हिरव्या चटणीचं बोट. एका बशीत चार. गिऱ्हाइकं त्याला 'बच्चा' म्हणत.

पिणाऱ्यांचं टेबल तुम्ही कधी लांबून निरखलंय? एक हात ग्लासाला असतो आणि दुसरा बोलायला लागतो. मोठा पदार्थ आला की दोन्ही हात त्यात जातात आणि गप्पा मरतात. बच्चाचं तसं नव्हतं. एक घास, एक वाक्य, पुन्हा घास. शिवाय तिघांत चार आले की चौथ्याचा प्रश्न पडायचाच. बांधावरून भांडत आलेली माणसं त्या चौथ्यापाशी येऊन "घ्या, तुम्हीच घ्या" म्हणताना मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

आमच्या शेठना मात्र पाव मोठा हवा होता आणि टिक्कीत मीठही जास्त हवं होतं, म्हणजे गिऱ्हाईक आणखी एक ग्लास मागवेल. मामांनी दोन्ही कधी केलं नाही. शेठ फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "घरी बाईनं भाकरी थापली असंल. मानूस भूक घिऊनच घरी गेला पायजे." दारूच्या गुत्त्यात बसून परक्या बायकांच्या भाकरीची काळजी करणारा हा एवढाच माणूस मला भेटला.

शनिवारची त्यांची तऱ्हा वेगळी. शनिवार पाळणारी पुष्कळ मंडळी आमच्याकडे यायची. मटण वर्ज्य, दारूबद्दल मात्र देवाने काही सांगितलेलं नाही, अशी त्यांची सोयीस्कर समजूत. त्यांच्यासाठी मामा बटाट्याची टिक्की करायचे. तळल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून बटाट्याच्या पावावर तीळ लावून आणायला त्यांनी बेकरीला सांगितलं होतं. तीळ शनीचा, लक्षातही राहील. तीळ दिसला की बिनधास्त खा, असं सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

शेवगावचे एक अडतदार दर शनिवारी शिंगणापूरला तेल वाहून दुपारी नगरला येत आणि कामं उरकून चारच्या सुमाराला आमच्याकडे बसत. त्यांची मुलगी मोठ्या दुखण्यातून उठली होती. ती बरी झाली तर जन्मभर शनिवार पाळीन, असा त्यांचा नवस होता. हे त्यांनीच मला सांगितलेलं.

एका शनिवारी साधे पाव संपले. पलटणीतले चौघे घाईत होते, म्हणून मामांनी तिळाच्याच पावात खिमा भरून बशी दिली आणि कोणत्या टेबलाची ते वेटरला सांगितलं. वेटरचं कामाच्या गर्दीत लक्ष नव्हतं. त्याने तीळ पाहिले आणि बशी नेहमीसारखी अडतदारांपुढे ठेवली. त्यांची बटाट्याची बशी पलटणीकडे गेली. तिथून तक्रार आली तेव्हा मामांना उलगडा झाला.

ते काउंटरपाशी आले आणि काय घोटाळा झाला ते सांगितलं. शेठ माझ्या शेजारीच उभे होते. अडतदार तिसरा पाव खात होते, खुशीत होते. शेठ दबक्या आवाजात म्हणाले, त्याला कळलेलं नाही, तू आत जा. बाहेर गेलास तर उद्यापासून येऊ नकोस. मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

मामा बाहेर गेले.

"मालक, तुमी खाल्लं त्यात खिमा हुता. वेटरची चूक न्हाई. तिळाची निशानी मी ठरिवली, मीच मोडली."

अडतदारांनी हातातला तुकडा बशीत ठेवला. नळाशी जाऊन कितीतरी वेळ चुळा भरल्या. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "पोरीला काय झालं तर?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तुमच्या देवापुढं मी जातो," मामा म्हणाले. "माज्या नावावर घाल म्हनतो."

अडतदार निघून गेले. मामांनी ॲप्रन काढला, नीट घडी घातली. मी त्यांना थांबा म्हणालो नाही. ती लाज अजून गेलेली नाही.

सोमवारी ते आपल्या सुऱ्या न्यायला आले. मी विचारलं, खरंच शिंगणापूरला गेला होता?

"गेल्तो. काल चर्च झालं का यष्टी धरली. लई बरं गाव हाय. घरांना दारंच न्हाईत, कुनी अडिवलं न्हाई." सुऱ्या फडक्यात बांधून ते गेले. पुढे ते कुठे कामाला लागले ते मला कधीच समजलं नाही.

पुढच्या शनिवारी अडतदार आले. मुलगी ठीक होती. त्यांनी बशी मागवली आणि नव्या आचाऱ्याने पाठवलेली बशी हातात घेऊन ते थेट काउंटरवर आले.

"बटाट्याचंच हायेत ना?"

मी हो म्हणालो.

"त्या दिशी तुमी हितंच हुता."

"होतो."

"तुमाला ठावं हुतं?"

खोटं बोलवेना. मी मान हलवली.

"मग त्यालाच बोलवा," ते शांतपणे म्हणाले. "त्यो सांगंल तर खाईन."

मामा आता इथे नाहीत, असं मी सांगितलं. अडतदारांनी बशी माझ्यापुढे ठेवली, टोपी सारखी केली आणि ते उपाशीच बाहेर पडले.